नोंदी आपोआप उडत नाहीत : १९३२ च्या रकान्यांपासून आजच्या डेटाबेसपर्यंत

"सिस्टीममधून नाव उडाले आहे." ग्रामपंचायतीत, तहसील कार्यालयात, रेशन दुकानात, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर हे वाक्य आज इतक्या सहज फेकले जाते की ऐकणारा माणूसही ते अवकाळी पावसासारखे मानून परत फिरतो. या वाक्यात कर्ता नाही. नाव कोणी काढले, कोणत्या तारखेला काढले, कोणत्या आदेशाने काढले, काही म्हणजे काही त्यात नाही. पुढचे वाक्य तर ठरलेलेच असते : "पुन्हा अर्ज करा, सगळे कागद जोडा." नोंद हरवली सरकारची, आणि पुरावे गोळा करत फिरायचे आपण!

सरकारी दप्तरातून माणसे नाहीशी होण्याचा प्रकार संगणकाबरोबर आलेला नाही. तो जुना आहे. आणि दर वेळी नोंद नाहीशी होण्यामागे एखादा नियम असतो, तो लिहिणारा कोणीतरी असतो, तो चालवणारा हात असतो. निव्वळ चूक झाली असली तरीही हे तिन्ही असतात, आणि शोधले तर सापडतात. बाबासाहेबांनी १९३२ साली हे शोधून दाखवले. त्यांच्याकडे संगणक नव्हता, तीन रकाने होते.

तो प्रसंग आपल्या तरुणांना नीट माहीत असायला हवा. पुणे करार सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच्या काही महिने आधी काय चालले होते, ते भाषणांतून क्वचितच येते.

१९१० साली जनगणना आयुक्त गेट यांनी एक पत्रक काढले. हिंदू म्हणून मोजल्या जाणाऱ्या लोकांत असे कोण आहेत की ज्यांना हिंदू समाज प्रत्यक्षात आपले मानत नाही, हे ठरवण्यासाठी त्यात दहा कसोट्या होत्या. देवळाच्या आत प्रवेश आहे का, स्पर्शाने किंवा जवळ येण्याने विटाळ मानला जातो का, चांगला मानला जाणारा ब्राह्मण यांच्याकडे पौरोहित्य करतो का, मृतांना पुरतात का, गोमांस खातात का, अशा त्या कसोट्या. १९११ च्या जनगणनेत या आधारे अस्पृश्यांची वेगळी मोजदाद झाली. त्यानंतरची वीस वर्षे अस्पृश्यांची संख्या कोटींमध्ये आहे, याबद्दल फारशी खळखळ कोणी केली नाही. सायमन कमिशनपुढेही नाही. कारण तोवर त्या आकड्यावर कोणाचे काही अवलंबून नव्हते. शाळेत घ्यायचे नाही, विहिरीवर येऊ द्यायचे नाही, तर संख्या एक कोटी असली काय आणि पाच कोटी असली काय?

मग गोलमेज परिषद झाली. अस्पृश्यांना कायदेमंडळात जागा द्याव्या लागणार, आणि त्या संख्येच्या प्रमाणात मागितल्या जाणार, हे स्पष्ट झाले. मताधिकाराचा विचार करण्यासाठी लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. समितीने प्रांतोप्रांती फिरून आकडे मागवले, आणि तिथे चमत्कार झाला. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजचा उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड, अस्पृश्यांची संख्या एका रकान्यात १ कोटी २६ लाख होती आणि प्रांतिक समितीच्या रकान्यात ६ लाख. बंगालमध्ये एका रकान्यात १ कोटी ३ लाख, तर प्रांतिक समितीच्या रकान्यात ७० हजार. बिहार आणि पंजाबातही घासाघीस सुरू झाली. मद्रास आणि मुंबई इलाख्यात मात्र असा गोंधळ नव्हता. (तिथे अस्पृश्यांच्या चळवळी उभ्या होत्या, आकडा बदलला तर जाब विचारायला माणसे होती, हे एक कारण असावे असे मला वाटते.)

महामारी आली नव्हती, पूर आला नव्हता. कोट्यवधी माणसे जिथल्या तिथे, गावाबाहेर, त्याच झोपड्यांत राहत होती. कागदावरून ती गेली. कशी गेली? कोणी नावे खोडली नाहीत. व्याख्या बदलली. अस्पृश्य म्हणजे दक्षिणेत मानतात तसा ज्याच्या स्पर्शाने वा सावलीने विटाळ होतो तोच, असा अर्थ धरायचा आणि मग म्हणायचे की आमच्या प्रांतात असे लोक जवळजवळ नाहीतच. कसोटी अरुंद केली की माणसे आपोआप बाहेर पडतात.

बाबासाहेबांनी या लबाडीला दोन प्रकारे उत्तर दिले. समितीच्या अहवालाला त्यांनी १ मे १९३२ रोजी आपली स्वतंत्र टिपणी जोडली. अस्पृश्यता पाळण्याचे प्रकार प्रांतागणिक वेगळे असतील, पण त्यामागची विटाळाची भावना सगळीकडे तीच आहे, म्हणून केवळ प्रत्यक्ष स्पर्शाच्या कसोटीवर लोकांना यादीतून बाहेर काढता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आणि पुढे हा सगळा प्रकार त्यांनी लिहून ठेवला. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनात एक प्रकरण आहे, 'फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स'. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात ते वाचायला मिळते. त्यात आकड्यांचे रकाने शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. एकच प्रांत, एकच काळ, मोजणारे वेगळे. फरक कुठे पडला ते पाहायचे, आणि फरक पडण्याने कोणाचा फायदा होतो ते विचारायचे. डेटाबेसमधून नोंदी गहाळ झाल्या तर आजचा तपासनीसही पहिले काम हेच करतो : दोन स्वतंत्र मोजण्या घेतो आणि ताळा करतो.

हा धडा फक्त इतिहासात जमा करून चालणार नाही, कारण आजची नोंदवही वेगळ्या पद्धतीने खोटे बोलते. कुळकर्ण्याच्या दप्तराचा जाच जोतिरावांनी किती तऱ्हांनी मांडला, ते आपण वाचलेले आहे. लिहिता वाचता येणारा एक माणूस, आणि त्याने काय लिहिले ते वाचू न शकणारा सारा गाव. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, ते या दप्तरावरची वंशपरंपरागत पकड मोडण्यासाठीच. पण कुळकर्ण्याच्या कागदालाही एक मर्यादा होती. खाडाखोड दिसायची. शाई वेगळी दिसायची. पान फाडले तर पानांचे क्रमांक बोलायचे.

सातबाऱ्याचेच बघा. सातबाऱ्यावरून एखाद्याचे नाव कमी करायचे असेल तर ते नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. त्या क्रमांकावरून फेरफार नोंदवही उघडली की कळते, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने, कोणाच्या अर्जावरून बदल झाला, कोणाला नोटीस गेली, कोणत्या मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला. या पद्धतीत लबाड्या झाल्या नाहीत का? भरपूर झाल्या, आपल्या वतनी जमिनी तशाच गेल्या. पण चाळीस वर्षांनीसुद्धा फेरफाराची नक्कल काढून लबाडी कुठे झाली ते दाखवता येते. उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यातल्या लाल बिहारी यांना १९७० च्या दशकात नातेवाइकांनी महसुली दप्तरात मृत दाखवून जमीन हडपली. जिवंत असल्याचे सिद्ध करायला त्यांना १९९४ उजाडले. निवडणुका लढवल्या, नावापुढे 'मृतक' लावले, आपल्यासारख्याच कागदोपत्री मेलेल्यांचा मृतक संघ काढला. लढाई भयंकर होती, पण ज्या नोंदीने मारले ती नोंद निदान दप्तरात होती.

डेटाबेसमध्ये तसे नसते. एका ओळीची आज्ञा दिली की लाख नोंदी जातात आणि मागे पांढरी जागासुद्धा उरत नाही. खाली उरलेल्या नोंदी वर सरकून बसल्यासारखे चित्र दिसते. खोडल्याची खूण राहावी असे वाटत असेल तर ती खूण ठेवण्याची सोय आधी करावी लागते : कोणी, कधी, कोणत्या लॉगिनवरून, काय बदलले याची वेगळी नोंदवही, जिला संगणकवाले ऑडिट लॉग म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत संगणकाचा फेरफार. ही सोय नसेल तर ते तंत्रज्ञानाचे दुर्दैव समजायचे कारण नाही. ती न ठेवण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो, किंवा ठेवण्याची काळजी कोणी घेतलेली नसते.

नोंदी जातात कशा, हेही समजून घेऊ. सर्वात सरळ प्रकार म्हणजे कोणीतरी काढल्या. दुसरा प्रकार साफसफाईचा. मुदत संपलेल्या नोंदी ठरावीक काळाने आपोआप काढणारा छोटा प्रोग्राम असतो, त्यातली अट चुकली की नको त्या नोंदी जातात. तिसरा प्रकार दुबार नावे शोधण्याचा. नाव, वडिलांचे नाव, वय आणि गाव जुळले की यंत्र दोन माणसांना एक समजते. आपल्या वस्त्यांत एकाच पिढीत किती भीमराव, किती रमाबाई असतात ते वेगळे सांगायला नको. त्यात 'कांबळे' रोमन लिपीत दोन ऑपरेटर दोन प्रकारे लिहितात, म्हणून एकच माणूस दोन दिसतो आणि मग त्याचे एक नाव 'बोगस' म्हणून उडते. चौथा प्रकार जोडणीचा. मुख्य कुटुंबाची नोंद काढली की तिला जोडलेल्या सदस्यांच्या नोंदीही ओळीने जातात. एक सर्व्हर बंद करून दुसरा आणला, तेव्हा काही नोंदी नव्या घरात पोहोचल्याच नाहीत, असेही होते. यातला प्रत्येक प्रकार तपासता येतो. "आपोआप उडाले" असा सहावा प्रकार संगणकशास्त्रात नाही.

आता दोन उदाहरणे देतो. दोन्ही ब्रिटनची, आणि दोन्ही एकाच खात्याची, तिथल्या गृह मंत्रालयाची. मुद्दाम परदेशातली घेतो, कारण नोंद कोणाची हरवली यावर तपास कसा ठरतो हे एका छपराखाली इतके स्वच्छ क्वचितच दिसते.

जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकातून नोंदी गेल्या. हा संगणक १९७४ मध्ये सुरू झाला होता, देशभरातले पोलीस तो वापरत होते. अटक झाली पण पुढे कारवाई झाली नाही अशा लोकांच्या नोंदी ठरावीक नियमाने काढून टाकणारी एक नेहमीची प्रक्रिया त्यात होती. नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या कोडमध्ये बदल केला गेला, त्या बदलात चूक होती, आणि जानेवारीत प्रक्रिया चालली तेव्हा ठेवायच्या नोंदीही तिने काढल्या. बातमी फुटली तेव्हा आकडा दीड लाख सांगितला गेला, मग तो चार लाखांवर गेला : सुमारे २ लाख १३ हजार गुन्ह्यांच्या, १ लाख ७५ हजार अटकेच्या आणि १५ हजार व्यक्तींच्या नोंदी. पुढे काय झाले बघा. प्रक्रिया तत्काळ थांबवली गेली, म्हणजे आणखी नुकसान होऊ नये आणि पुरावा पुसला जाऊ नये. काही दिवसांत मंत्र्याला संसदेत उभे राहून निवेदन करावे लागले. लंडनचे माजी पोलीस आयुक्त लॉर्ड होगन-होव यांच्याकडे स्वतंत्र चौकशी दिली गेली. गेलेली माहिती परत मिळवण्यासाठी तंत्रज्ञ कामाला लावले गेले. कोणता बदल, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रक्रियेत, हे सगळे सांगता आले, कारण बदलांची नोंद होती.

त्याच खात्याचे दुसरे प्रकरण विंडरशचे. २२ जून १९४८ रोजी एम्पायर विंडरश नावाचे जहाज कॅरिबियन बेटांवरच्या शेकडो माणसांना घेऊन टिलबरी बंदरात लागले. युद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते. पुढच्या दोन दशकांत वसाहतींमधून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कायदेशीर हक्काने आली, बसगाड्या चालवल्या, इस्पितळे सांभाळली. १९७१ च्या कायद्याने, जो १ जानेवारी १९७३ पासून लागू झाला, आधीच स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क कायम केला. पण तो हक्क मिळाल्याचा कागद त्यांना दिला नाही, आणि कोणाकोणाला तो मिळाला याची यादीही सरकारने ठेवली नाही. जे होते ते जहाजातून उतरताना भरलेले कार्ड. क्रॉयडन इथल्या कार्यालयाच्या तळघरात ती कार्डे पडून होती. २०१० मध्ये कार्यालय हलवताना ती नष्ट करण्यात आली.

पाठोपाठ कायदे कडक झाले. २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, बँका, नोकरी देणारे आणि दवाखाने यांना माणसाची कागदपत्रे तपासायला लावली. पन्नास वर्षे कर भरलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांगण्यात आले की तुम्ही कधी आलात ते सिद्ध करा, राहिलेल्या प्रत्येक वर्षाचा कागद आणा. नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काही जण कोठडीत गेले. हक्काने राहत असलेल्या किमान ८३ माणसांना देशाबाहेर घालवण्यात आले होते. कार्डे नष्ट झाल्याची गोष्ट एप्रिल २०१८ मध्ये खात्यातल्याच माजी कर्मचाऱ्यामुळे वर्तमानपत्रात आली. त्या महिन्याच्या शेवटी गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला. खात्याचा बचाव काय होता? त्या कार्डांवरून माणूस पुढे सतत इथे राहिला हे सिद्ध होत नव्हते, म्हणून ती निरुपयोगी होती!

पोलिसांच्या नोंदी गेल्या तेव्हा खात्याने पुराव्याचे ओझे स्वतःवर घेतले. काळ्या माणसांच्या नोंदी गेल्या तेव्हा ओझे त्यांच्या डोक्यावर दिले, आणि आठ वर्षे कोणाला पत्ताही लागू दिला नाही. तांत्रिक अंगाने बघितले तर दुसरी घटना जास्त गंभीर आहे, कारण तिथे दुसरी प्रतच नव्हती.

आपल्याकडे या. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळातून आलेली. तिच्यावर सर्वाधिक अवलंबून असलेल्यांत दलित, आदिवासी आणि भूमिहीन स्त्रिया आहेत. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर जॉबकार्ड, मस्टर, मजुरी सगळे संगणकावर गेले. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०२१-२२ मध्ये सुमारे १ कोटी ४९ लाख मजुरांची नावे वगळली होती, आणि २०२२-२३ या एका वर्षात ५ कोटी १८ लाखांहून अधिक. कारणे दिली आहेत : बोगस कार्ड, दुबार कार्ड, काम करण्याची इच्छा नाही, कुटुंब कायमचे स्थलांतरित, मृत्यू. एका वर्षात तिपटीहून अधिक वाढ झाली, तर देशात एकाएकी इतक्या लोकांची कामाची इच्छा मेली का? हाच काळ आधार जोडणी आणि आधारवर आधारित मजुरीची सक्ती पुढे रेटण्याचा होता. ज्या कर्मचाऱ्याला 'शंभर टक्के जोडणी' दाखवायची आहे, त्याला दोन वाटा असतात. राहिलेल्यांना जोडायचे, किंवा राहिलेल्यांनाच यादीतून काढायचे. दुसरी वाट एका बटणाची आहे. संयुक्त प्रांताने १९३२ मध्ये व्याख्या अरुंद केली, इथे पात्रतेची अट अरुंद झाली. आणि कारणाच्या रकान्यात 'काम करण्यास इच्छुक नाही' लिहायला त्या बाईची सही लागत नाही.

२०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणना हे याहून मोठे प्रकरण. १९३१ नंतर प्रथमच देशभर सर्वांची जात विचारली गेली, आणि जातीचा आकडा आजवर बाहेर आला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी महाराष्ट्र सरकारने ही माहिती मागितली, तेव्हा केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले की ती सदोष आहे, वापरण्यालायक नाही. जातींची नावे ४६ लाखांवर गेली होती. गोत्र, आडनाव, पोटजात, लिहिण्यातल्या चुका, सगळे वेगवेगळी जात म्हणून मोजले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राची याचिका फेटाळली गेली. प्रश्न विचारण्याआधी जातींची संकेतयादी तयार करायची असते, एवढी साधी गोष्ट. ती न करता कोट्यवधी घरांत माणसे पाठवली, आणि मग म्हटले की उत्तरेच चुकली! ही माहिती हरवली असे कोणी म्हणत नाही. ती आहे आणि नाही.

आता एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पुढच्या जनगणनेत जातवार मोजणी करण्याचे जाहीर केले आहे, आणि ती मोजणी डिजिटल असणार आहे. दारात आलेल्या माणसाने मोबाइलवर काय नोंदवले, वरच्या कार्यालयात ते कोणी 'दुरुस्त' केले, दुरुस्तीच्या आधी काय होते, हे कळण्याची सोय आहे की नाही, हे आत्ता विचारायचे आहे. आकडे आल्यावर विचारून उपयोग नाही. पाली भाषेतला धम्म स्वीकारलेल्या घराने धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात काय सांगितले, आणि यंत्रात काय बसले, हा प्रश्न तर थेट आपल्या दारातला आहे.

लढल्यावर काय मिळते, याचे ताजे उदाहरण बिहारचे. १ ऑगस्ट २०२५ च्या प्रारूप मतदार यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. वगळलेल्यांची वेगळी यादी आणि कारणे प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक नाही, अशी निवडणूक आयोगाची भूमिका होती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की वगळलेल्यांची नावे कारणासह प्रसिद्ध करा, शोधता येतील अशी करा. यात नवे तत्त्व काही नव्हते. १९९५ च्या लाल बाबू हुसेन खटल्यात याच न्यायालयाने म्हटले होते की आधीपासून यादीत असलेल्याचे नाव काढायचे असेल तर त्याला आपणच पुन्हा सर्व काही सिद्ध करायला लावता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २२ मध्ये नाव वगळण्याआधी म्हणणे मांडण्याची संधी देण्याची तरतूद आहे. मग हेच तत्त्व जॉबकार्डाला, रेशनकार्डाला, शिष्यवृत्तीला का नको?

कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष काय करायचे, ते थोडक्यात सांगतो, कारण निषेधाच्या पत्राने डेटाबेस हलत नाही. नाव उडाल्यावर धावण्याआधी, नाव असतानाच प्रत ठेवा. आपल्या वस्तीची मतदार यादी, जॉबकार्डांची यादी, रेशनची यादी दर तीन महिन्यांनी उतरवून घ्या, छापा, तारीख घाला, दोन माणसांच्या सह्या घ्या, विहारात ठेवा. मग किराणा दुकानदार करतो तोच ताळा करा : मागची संख्या, अधिक नवी नावे, वजा कमी झालेली नावे, बरोबर आजची संख्या. हा हिशेब जुळला नाही तर जितका फरक, तितक्या नोंदींचे उत्तर कार्यालयाने द्यायचे आहे. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावच्या चौकात हजेरीपट मोठ्याने वाचायला सुरुवात केली, मेलेल्यांच्या नावावर मजुरी निघालेली गावानेच पकडली, आणि माहिती अधिकाराच्या कायद्याला त्यातून जोर मिळाला. विहारात यादी वाचणे हे त्यापेक्षा अवघड नाही.

नावे गेलेली दिसली की पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका, पुन्हा नोंदणीचा अर्ज नंतर. अर्जाखाली मागितलेली माहिती नष्ट केली तर कलम २० खाली माहिती अधिकाऱ्याला वैयक्तिक दंड होऊ शकतो, म्हणून अर्ज आधी गेला की त्या लॉगला कुंपण पडते. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात, १९९३ च्या, संगणकावर तयार झालेली सामग्रीही अभिलेखात येते, आणि नियम सोडून अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. राज्याचाही २००५ चा असा कायदा आहे. हे कलम अर्जात लिहा. खिडकीवरचा आवाज बदलतो.

अर्जात "माझे नाव का काढले" असे विचारू नका. त्याचे उत्तर "अपात्र" असे एका शब्दात येते. असे विचारा : अमुक क्रमांकाची नोंद कोणत्या दिनांकास व किती वाजता वगळण्यात आली, ती वगळणाऱ्या लॉगिनचे पदनाम काय, त्या दिनांकास त्याच लॉगिनवरून एकूण किती नोंदी वगळल्या, वगळण्यापूर्वी दिलेल्या नोटिशीची व पंचनाम्याची प्रत, वगळण्यापूर्वीच्या शेवटच्या बॅकअपचा दिनांक, आणि तो कोणाच्या ताब्यात आहे. तिसरा प्रश्न विसरू नका. एका दुपारी एका लॉगिनवरून चारशे माणसे 'कायमची स्थलांतरित' झालेली असतील, तर त्या दुपारी त्या लॉगिनचा पासवर्ड कोणाकडे होता, हा पुढचा अर्ज.